सड्यावरची फुरशी खरंच कमी झाली, की मलाच दिसेनाशी झाली?

कातळवाट
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात एका सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराला लागून माझं घर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सापाचा पत्ता एकदा बाहेर फुटला की काठ्या आणि कॅमेरे घेऊन माणसं येतात. २०११ पासून पावसाळ्यात रात्रीचं जेवण उरकलं की मी सड्यावर जातो. पायात गमबूट, डोक्याला बॅटरी, १०० मिमीची मॅक्रो लेन्स, आणि उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशवर दुधाच्या पिशवीचा तुकडा. नाद एकच, फुरसं, हा छोटा विषारी साप.

मृगाचा पाऊस पडून गेला की दिवसभर दगडाखाली बसलेली फुरशी रात्री ओल्या कातळावर यायची. २०१३ च्या जूनमध्ये एक करवंदीच्या जाळीवर गुडघाभर उंचीला चढून बसलं होतं. मी वाकलो तशी त्यानं वेटोळी एकमेकांवर घासायला सुरुवात केली. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. जेमतेम फूटभर जीव, पण डोक्यावरची बाणासारखी पांढरट खूण लख्ख दिसत होती, आणि पावसाचा एक थेंब खवल्याच्या धारेवर अडकून राहिला होता. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे.

आता त्याच वाटेनं दोन-दोन तास फिरतो आणि हात हलवत परत येतो. मधल्या वर्षांत सड्याची पश्चिमेकडची बाजू गेली. सुरुंग लावून कातळ फोडला, ट्रकनं लाल माती आणून ओतली, कलमं लावली. दुसऱ्या अंगाला चिरेखाण झाली. मोर इतके वाढलेत की सकाळी अंगणात येतात. गावात म्हणतात, मोरांनीच फुरशी संपवली. माझ्याकडे फोटो भरपूर आहेत, पण मोजदाद कधी ठेवली नाही. नुसत्या फोटोंवरून ‘कमी झाली’ असं म्हणता येईल का? पन्नाशी उलटली आहे, नजर पूर्वीची राहिली नाही. त्यामुळे स्वतःच्याच आठवणीवर भरवसा ठेवायला जीव धजत नाही.

देवगडकर_बागवाला
दादा, माझीही कलमं सड्यावरच आहेत, म्हणून लिहितो. दोन पिढ्या मुंबईला जाऊन गिरणीत राबल्या. आंबा लागला तेव्हा घरातली पोरं गावात राहिली. हे सोडून बोलू नका. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. माती पडली की दगडाखालची फट बुजते आणि फुरशाला बसायला जागाच उरत नाही. आमच्याकडे गडग्याच्या, म्हणजे बांधाच्या दगडी भिंतीच्या दगडांत अजून सापडतं, बागेच्या मधोमध नाही. बागेत धामण आणि नाग जास्त दिसतात. गडगा रचताना गड्याला चावलं होतं. तेव्हा गावठी औषधात वेळ घालवला नाही, सरळ रुग्णालयात नेऊन प्रतिविष दिलं, म्हणून वाचला.

रानटिपण
काका, मी सरीसृपांच्या पाहणीचं काम करतो. तुमच्या फोटोंत तुम्हाला वाटतं त्याहून जास्त माहिती आहे. अडचण एवढीच की साप दिसला ती रात्र फोटोत राहते आणि दिसला नाही ती निसटते. पण तुम्ही रिकाम्या रात्री कॅमेरा बंद ठेवला होता का? बेडूक, कोळी, सीतेची आसवं किंवा गेंदाची फुलं, काहीतरी टिपलंच असेल. प्रत्येक फाईलमध्ये तारीख आणि वेळ असते. त्या रात्रीचा पहिला फोटो आणि शेवटचा फोटो यांतलं अंतर म्हणजे तुम्ही किमान तेवढा वेळ सड्यावर होता. फुरशाचे फोटो बाजूला ठेवा आणि आधी त्या रात्री मोजा.

एकाच फुरशाचे दहा फोटो म्हणजे दहा फुरशी नव्हेत, हेही बघा. जून जूनशीच ताडून बघा, ऑक्टोबरशी नको. मोरांचं म्हणाल तर मोर साप खातो, पण उरलेल्या कातळावर आणि बागेत मोर सारखेच फिरतात. दोन्हीकडे वेगवेगळी नोंद ठेवल्याशिवाय सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. फुरसं अंडी घालत नाही, पिल्लंच देतं. पिल्लं दिसली तर वेगळी लिहा. नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यात तर ठिकाण झाकायची सोय वापरा.

सर्पमित्र_लांजा
एक विचारतो, राग मानू नका. दगड उलटून फोटो काढता का?

कातळवाट
राग कसला. पहिली दोन-तीन वर्षं उलटायचो. काम झालं की दगड कसाबसा परत टाकायचो. आज त्याची फार खंत वाटते.

सर्पमित्र_लांजा
म्हणून विचारलं. त्या दगडाखालची ओल वर्षानुवर्षांची असते. दगड वाकडा बसला की कड उघडी राहते, आतली जागा वाळते आणि पाल, विंचू, फुरसं सगळेच ती सोडतात. उचलायची वेळ आलीच तर लांब आकड्यानं, आणि दगड आपल्या दिशेला उघडायचा नाही. साप आत असताना वरून दगड ठेवायचा नाही. आधी दगड जसाच्या तसा बसवायचा, मग साप आपल्या पायानं आत जातो... म्हणजे पोटानं. फोटोसाठी त्याला काठीनं हलवून ‘चांगल्या’ फांदीवर ठेवणं तर अजिबात नको. फुरशाची झेप दिसायच्या आत पोचते.

कातळवाट
रानटिपण, चार रात्री बसून जुन्या डिस्क उघडल्या. जून आणि जुलैच घेतले. २०१३ ला ९ रात्री फिरलो होतो, वेगवेगळी १४ फुरशी. गेल्या वर्षी ११ रात्री, फुरशी ३. ती तिन्ही फुरशी पूर्वेकडच्या पट्ट्यात, जिथे कातळ शाबूत आहे. नजरेचीही परीक्षा घेतली: माझ्या पुतणीला, वय १९, तीन रात्री बरोबर नेलं. तिलाही माझ्याहून एकसुद्धा जास्त दिसलं नाही. २०१६ च्या एका फोटोत मागे अंधारात जो मोठा कातळ दिसतो, तिथे आज कलमाची रांग आहे. तो फोटो मी कित्येकदा पाहिला होता, पण नेहमी सापच पाहिला.

बागवाले भाऊ, तुमचं पोटाचं बोलणं पटलं. पूर्वेकडच्या पट्ट्याचा मालक माझ्या ओळखीचा आहे. त्याला हे आकडे आणि २०१६ चा फोटो दाखवून बोलणार आहे.

वही सुरू केली. पहिली नोंद काल रात्रीची: ८.४० ते १०.५०, भुरभूर पाऊस, पूर्व पट्टा. फुरसं शून्य. देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर) एक.