सुरमई थाळीच कशाला?

कमी पैशात मासे खायचे तर सुरमई थाळीच घ्यावी का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नको. वांद्रे पूर्वेच्या हायवे गोमांतकमध्ये किंवा मुंबईतल्या अशा कुठल्याही साध्या खानावळीत आधी बांगडा, मांदेली बघा. निम्मा खर्च आणि चव जास्त! ओले बोंबील असतील तर सोडूच नका. वजनाखाली दाबून पाणी काढलेले, रव्यात घोळवून तळलेले. कडा कुरकुरीत, आत लोण्यासारखे मऊ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा बर्फातल्या पापलेटवर पैसे घालवण्यापेक्षा खाडीची कोळंबी किंवा सुकटीची चटणी आहे का, ते विचारा. सोलकढी शेवटी, थोडी भातावरही घ्या.