मदत हवी आहे: पॉइंट टू टूची परवडणारी दुनळी रायफल

रानवाटा
मला पॉइंट टू टू (म्हणजे ०.२२ इंची नळीची) किंवा त्याच्या आसपासच्या लहान बोअरची दुनळी रायफल हवी आहे आणि ती परवडणारी असावी. वापर साधाच आहे: दिवसभर खांद्यावर घेऊन हिंडायचे आणि मातीच्या उंच बांधासमोर पत्र्याचे डबे टिपायचे. तीन आठवडे शोधतो आहे, पण जे हाती लागते ते एकतर मोठ्या जनावरासाठी घडवलेले जड धूड असते किंवा त्याची किंमत ऐकूनच मागे फिरावे लागते. एकनळी पॉइंट टू टू इतकी स्वस्त असताना केवळ दुसरी नळी जोडल्याने भाव इतका का चढतो, हे मला समजत नाही. कृपया थेट नावे सुचवावीत.

कातळ
नावे सुचवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. दोन्ही नळ्या आट्यांच्याच (आतून पेचदार खोबणीच्या, एकच गोळी मारणार्‍या) हव्यात, की एक आट्यांची आणि एक छर्‍यांची चालेल? डबे किती अंतरावर ठेवणार आहात? दुर्बीण लावणार, की नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीवरच नेम धरणार? आणि परवान्यावर कोणते बोअर आहे?

सरळरेषा
दुनळीचा नादच सोडा, असे माझे स्पष्ट मत आहे. रुगरची टेन ट्वेंटी टू ही एकनळी स्वयंचलित रायफल १९६४ पासून बनते आहे, तिच्या मॅगझीनमध्ये दहा गोळ्या बसतात आणि सुटे भाग सहज मिळतात. दुसर्‍या गोळीसाठी दुसरी नळी कशाला हवी?

लोहारकाम
भाव का चढतो, या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. दुनळी रायफलीत पैसा नळ्यांना लागत नाही, त्या जुळवण्याला लागतो. एक नळी उडाली की बंदूक त्या बाजूला किंचित वळते, त्यामुळे नळ्या तोंडाशी थोड्या आत झुकवून डाकलेल्या असतात. कारागीर गोळ्या झाडून पाहतो, डाक वितळवतो, तोंडाशी असलेली पाचर किंचित सरकवतो आणि पुन्हा झाडून पाहतो, आणि दोन्ही नळ्या एका जागी मारेपर्यंत हेच चालते. ६० सेंटीमीटरच्या नळीचे तोंड एक मिलिमीटर चुकले, तर ५० मीटरवर गोळी आठ सेंटीमीटरहून थोडी जास्त बाजूला जाते, म्हणजे डबा हुकलाच. पॉइंट टू टूचा धक्का नगण्य असल्याने झुकाव फार कमी लागतो, पण मेहनत तेवढीच पडते, आणि स्वस्त काडतुसाच्या बंदुकीसाठी ती मजुरी मोजणारे गिर्‍हाईक विरळा.

जुनीखूण
लोहारकाम यांचे म्हणणे मी स्वतः भोगले आहे. मी एक जुनी दुनळी जुळणी न तपासता घेतली होती. कोणीतरी तिच्या नळ्या पुन्हा डाकलेल्या होत्या आणि विकणार्‍याने ते सांगितले नाही. पंचवीस मीटरवर उजवी नळी काळ्या ठिपक्यात मारी, तर डावी तिथून वीतभर खाली. नळ्या जोडणार्‍या पट्टीच्या, म्हणजे बरगडीच्या, पुढच्या टोकाशी डाकेचा रंग वेगळा होता, तो मला उशिरा दिसला. जुनी घेणार असाल, तर आधी कागदावर गोळ्या झाडू द्या, असा आग्रह धरा.

कातळ
एक नळी छर्‍यांची चालणार असेल, तर सॅव्हेजची मॉडेल ट्वेंटी फोर पाहावी. ती १९५० मध्ये आली. वर पॉइंट टू टू आणि खाली छर्‍यांची पॉइंट फोर टेन, अशी मूळ रचना. चिआप्पाची डबल बॅजरही त्याच धर्तीची असून घडी घालून पिशवीत मावते.

जुनीखूण
ती उत्तम असेल, पण तिला दुनळी रायफल म्हणता येत नाही. ती रायफल आणि छर्‍याची बंदूक यांची जोड आहे. ऑस्ट्रियातील फेरलाखचे कारागीर दोन्ही नळ्या आट्यांच्या असलेल्या बंदुका घडवतात. त्यांपैकी जिची एक नळी लहान आणि एक मोठ्या बोअरची असते, तिला बेर्गश्टुत्सेन म्हणतात.

सरळरेषा
त्या बंदुकांचा भाव धागाकर्त्याला परवडणार आहे का? त्यांनी परवडणारी मागितली आहे.

तेलबोळा
पॉइंट टू टूची नळी सारखी घासू नये. साध्या शिशाच्या गोळीचा मेणकट थर आत राहिलेलाच बरा असतो. घाईने तोंडाकडून सळई घातली की आट्यांच्या कडा झिजतात. रिकाम्या नळीवर चापही ओढू नये, कारण टाचणी (काडतुसावर आदळून ते पेटवणारी पिन) नळीच्या काठावर आदळते.

रानवाटा
अंतर जास्तीत जास्त ४० मीटर, दुर्बीण नको, आणि दोन्ही नळ्या आट्यांच्याच हव्यात. मी डावखुरा आहे, हे लिहायचे राहून गेले. बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, उजवीकडे असतो आणि स्वयंचलित रायफलीची गरम टोपी (रिकामे काडतूस) माझ्या मनगटावर येते, म्हणून बिजागरीवर मोडून उघडणारी बंदूक हवी आहे. शिवाय ती उघडली की रिकामी आहे, हे सोबतच्या सर्वांना दुरूनच दिसते. घरात वडिलांची १२ बोअरची दुनळी आहे, पण ती छर्‍यांची असल्याने तिचा इथे संबंध नाही, असे मला वाटले.

लोहारकाम
संबंध फार जवळचा आहे, आणि हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर सर्वांचा वेळ वाचला असता. १२ बोअरच्या नळीत आतून बसवायची पॉइंट टू टूची आट्यांची नळी मिळते. जर्मन शिकारी तिला आइनश्टेकलाउफ म्हणतात. बारा बोअरची टाचणी मधोमध आदळते आणि पॉइंट टू टूला मार काडतुसाच्या काठावर लागतो, म्हणून या नळीचे छिद्र मध्यापासून थोडे सरकवलेले असते. काही नळ्यांना नेम जुळवण्यासाठी स्क्रूही असतात. अशा दोन बसवल्या, तर प्रत्येक नळी वेगळी जुळवता येते, डाक वितळवावी लागत नाही. मात्र आधी वडिलांच्या बंदुकीचे कुलूप (नळ्या बंद धरून ठेवणारी पकड) ढिले झाले आहे का, हे जाणत्याला दाखवावे, आणि आट्यांची नळी बसवण्याची परवानगी परवाना देणार्‍या कार्यालयाकडून लेखी घ्यावी.

सरळरेषा
डावखुरे आहात, तर माझी आधीची सूचना मी मागे घेतो. ब्राउनिंगची एसए ट्वेंटी टू ही स्वयंचलित रायफल १९१४ पासून ओळखीची आहे आणि तिची टोपी खालून पडते, मनगटाकडे येत नाही.

कातळ
तिच्याने टोपीचा प्रश्न सुटेल, पण उघडलेली बंदूक दुरून दिसण्याचा सुटणार नाही. मला लोहारकाम यांचा मार्ग योग्य वाटतो. मात्र मागच्या बांधाची उंची आधी पाहावी, कारण पॉइंट टू टूच्या काडतुसांच्या डब्यावर दीड मैलाचा धोका छापलेला असतो.

रानवाटा
बंदूक आज बाहेर काढून पाहिली. बंद केल्यावर नळ्या हाताने हलत नाहीत, पण डाव्या नळीच्या तोंडाशी आत गंजाचे दोन ठिपके आहेत. आतली नळी बसवण्याआधी ते काढावे लागतील का?

तेलबोळा
होय, आधी काढावेत. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत दमट हवा राहते आणि ठिपके तिथेच पसरतात. तेलात भिजवलेली पितळी जाळी हलक्या हाताने फिरवा, रात्रभर तेल राहू द्या, आणि बसवल्यानंतरही दर महिन्याला आतली नळी बाहेर काढून पुसा.