न बोलणारी नाती आणि प्रभूची शांती: तुमचे अनुभव लिहा

'मी तुम्हांला शांती देऊन ठेवतो,' असं प्रभू येशू म्हणाला त्या रात्री त्याला धरून देणारा शिष्य यहूदा नुकताच जेवणावरून उठून बाहेर गेला होता. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत हे लागोपाठ येतं, आणि गेली दोन वर्षं मी तिथेच थांबले आहे. माझी बहीण माझ्याशी बोलत नाही. ज्यांच्या घरात असं काही आहे आणि तरीही प्रार्थनेतून मन थाऱ्यावर आलं, त्यांनी लिहा. नातं जुळलंच असलं पाहिजे असं नाही.

वसईहून:
बाबा गेल्यावर वाडीच्या वाटण्या झाल्या आणि सामायिक बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरून दादाचं नि माझं बिनसलं. अकरा वर्षं एका आवारात राहून बोलणं नाही. मिस्सात, चर्चच्या उपासनेत, फादर 'एकमेकांना शांती द्या' म्हणाले की सगळे वळून हात जोडायचे. दादा दोन बाकं पुढे. तो वळला की मी छपराकडे बघायचो. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा ५वा अध्याय वाचला गेला: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर. शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी लक्षात आलं, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे हे तिथे विचारलेलंच नाही. माझी तक्रार मला पाठ होती, त्याची मी कधी ऐकलीच नव्हती. संध्याकाळी गेलो. तो पंपाचा पट्टा बदलत होता. 'पाना धर,' एवढंच म्हणाला. सातबाऱ्याचा घोळ अजून तसाच आहे, पण पाण्याच्या पाळ्या आता वहिनी ठरवते आणि आम्ही दोघंही तिचं ऐकतो.

नगरहून:
सासूबाईंशी माझं कधी जमलं नाही, खोटं कशाला सांगू. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब आत्मपरीक्षण करायला सांगतात, तेव्हा दर वेळी त्यांचाच चेहरा समोर यायचा. म्हणून आदल्या रात्री त्यांच्या पायांना तेल लावायला बसू लागले. प्रेमाने नव्हे, आज्ञा म्हणून. आता त्या स्वतःच तेलाची वाटी कोमट करून ठेवतात.

गाव सांगत नाही:
नवरा मारायचा. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला 'सत्तर वेळा सात', म्हणजे क्षमा करतच राहा, हे ऐकवलं. मत्तयच्या त्याच १८व्या अध्यायात थोडं आधी लिहिलंय की अपराधी ऐकत नसेल तर आणखी एका-दोघांना घेऊन जा, तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. ते कुणी वाचून दाखवलं नाही. मी मुलीला घेऊन माहेरी आले, पोलिसांत तक्रार दिली. क्षमा करायला पुढे चार वर्षं लागली, आणि ती मी दाराला कडी लावूनच केली. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. परत जाणार नाही. रात्री झोप लागते.

पुण्याहून:
घरात मी एकटाच ख्रिस्ती विश्वासात आलो. बाबांनी बोलणं टाकलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, पुढे १९०० साली त्याही आल्या, असं सांगून लोक मला धीर देतात. पण बाबांनी विश्वासात यावं म्हणून मी त्यांच्यावर प्रेम करत नाही. ते माझे बाबा आहेत. गणपतीत घरी जातो. आरतीला उभा राहत नाही, आईला नारळ खवून देतो. गेल्या वर्षी नारळ आईने पुढ्यात ठेवला, आणि खवणी बाबांनी आणून दिली.