मदत हवी आहे: तीन सिस्टिममधल्या केळीच्या नोंदी एका अर्थावर कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मी बघतो. पॅकहाऊसची सिस्टिम जुनी, सोप (एक्सएमएल संदेशांची जुनी पद्धत) आणि डब्ल्यूएसडीएलवाली (सेवेचं वर्णन करणारी फाइल). कोल्ड स्टोरेजची रेस्ट एपीआय आहे (वेबवरून डेटा मागायची सोय), ती जेसन या मजकुरी स्वरूपात डेटा देते. बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याकडून रोज सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या रकान्यांची फाइल) येते. डेटा तिन्हीकडून वेळेवर येतो, पण अर्थ जुळत नाही.

सगळ्यात अवघड रकाना 'प्रकार'. पॅकहाऊसमध्ये त्यात नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी हे सगळं एकाच यादीत आहे. केळीवाल्याला त्यात वावगं वाटणार नाही, भावच या नावांनी निघतात. पण नवती की पिलबाग म्हणजे नवीन लागवडीचा माल की पिलांवर (जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांवर) धरलेल्या बागेचा. कांदेबाग सांगतो लागवड कोणत्या हंगामातली. आणि वापसी ही मालाची प्रत. प्रश्न तीन, रकाना एक. कांदेबागेतला माल 'वापसी' म्हणून नोंदला की त्याचा हंगाम कायमचा जातो. कोल्ड स्टोरेजकडे तर नुसती ए-बी प्रत आहे.

वजनाचंही तेच. एकीकडे दांड्यासकट घडाचं, दुसरीकडे बॉक्समधल्या फण्यांचं, आणि दोन्हीकडे नाव 'वेट'. गावांचं मात्र सुटलं: पिंप्री आणि वडगाव नावाची गावं किती तरी, म्हणून लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी यादीतला गावाचा कोड घेतला.

वाचन बरंच झालं. वेब सेवांचा अर्थ यंत्राला कळेल असा मांडायचे दोन आराखडे, ओडब्ल्यूएल-एस (2004) आणि डब्ल्यूएसएमओ (2005), वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीकडे सादर झाले, पण शिफारशीपर्यंत पोचले नाहीत. शिवाय त्यांचा भर सेवा आपोआप शोधण्या-जोडण्यावर. आमचे तिघे ठरलेले आहेत, शोधायचं कोणालाच नाही. 2007 मध्ये शिफारस झालेलं एसएडब्ल्यूएसडीएल (डब्ल्यूएसडीएलला अर्थाच्या खुणा जोडायचं मानक) जवळचं वाटतं. चालू सेवेला धक्का न लावता स्कीमातल्या (डेटाच्या रचनेच्या आराखड्यातल्या) घटकाला 'मॉडेल रेफरन्स' देऊन संकल्पनेशी जोडता येतं. पण ते डब्ल्यूएसडीएलपुरतं. जेसनला जेसन-एलडीचा कॉन्टेक्स्ट (कोणत्या नावाचा अर्थ काय हे सांगणारा तक्ता) लावता येईल. त्याने नावं आयआरआयला (वेब पत्त्यासारख्या एकमेव ओळखीला) जोडली जातात, एका रकान्याचे तीन होत नाहीत.

म्हणून एसकेओएसमध्ये (संकल्पनांच्या याद्या मांडायचं डब्ल्यू3सीचं मानक) छोटा शब्दसंग्रह करतोय: बागेचा प्रकार, लागवडीचा हंगाम आणि प्रत अशा तीन वेगळ्या स्कीम. केळी ही संकल्पना एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) ॲग्रोव्हॉक या शेतीच्या शब्दसंग्रहाशी जोडणार, पण नवती-पिलबाग आपल्याच नावाने ठेवणार. शेतकऱ्याचा भाव त्या शब्दांवर ठरतो, ते ए-बीमध्ये मिसळू देणं मला मान्य नाही.

आता अडलंय ते असं. जुन्या 'वापसी' नोंदींना हंगाम नाही. आरडीएफमध्ये (माहिती छोट्या विधानांत मांडायची पद्धत) ते विधान नसलं तरी चालतं, पण शॅकलमध्ये (त्या माहितीला नियम लावून तपासायचं मानक) किमान एक मूल्य सक्तीचं केलं की त्या सगळ्या नोंदी अडकतात. 'अज्ञात' अशी संकल्पना करावी, की जुन्या आणि नव्या नोंदींना वेगळे शेप (शॅकलमधले नियमांचे संच) लावावेत? 'अज्ञात' केलं तर पुढे आळसाने तेच भरलं जाईल अशी भीती वाटते. वजनाला मी दोन स्वतंत्र प्रॉपर्टी (गुणधर्म) करायच्या म्हणतोय. कोणी एकच प्रॉपर्टी ठेवून मोजण्याची पद्धत वेगळी नोंदवली आहे का? आणि एसएडब्ल्यूएसडीएलचं लिफ्टिंग (एक्सएमएलचं संकल्पनांच्या रूपात रूपांतर) एक्सएसएलटी या एक्सएमएल बदलायच्या भाषेने प्रत्यक्षात सांभाळलेलं कोणी असेल, तर ते पुढे जड जातं का, की मध्ये सरळ पायथनचा अनुवादक बसवावा?

नमुना डब्ल्यूएसडीएल आणि जेसन लागलं तर शेतकऱ्यांची नावं काढून इथेच टाकतो.