दत्तक बाळ घरी आल्यानंतरचे पहिले महिने : कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

दत्तकाच्या कागदपत्रांबद्दल विचाराल तेवढी माहिती मिळते. 'कारा'कडची (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडची) नोंदणी, गृहभेटीचा अहवाल, संपता न संपणारी प्रतीक्षायादी, बाळाची माहिती आली की हो-नाही कळवायला ४८ तास, सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. हे सगळं कुणीही सांगेल. बाळ घरी आलं, पेढे वाटून झाले, दार लावलं, पुढे काय, ते मात्र ज्याचं त्यानं शोधायचं.

आमचा मुलगा ओडिशातल्या शिशुगृहातून राजारामपुरीत आला तेव्हा सात महिन्यांचा होता. सुरुवातीला तो रडायचाच नाही. भूक लागली तरी नाही, ओलं झालं तरी नाही. "किती गुणी पोर!" म्हणून येणारेजाणारे कौतुक करायचे. रडून कुणी येतंच असं नाही हे त्याच्या अंगवळणी पडलंय, असं बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या तेव्हा पोटात गोळा आला. ओलं झालंय का, भूक लागलीय का, हे त्यानं सांगायच्या आधी आम्ही बघायला लागलो. पुढे एका रात्री त्यानं असं काही भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरचे काका धावत खाली आले. आम्ही दोघं हसत होतो. काकांना आमच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच वाटलं असणार.

परराज्यातून बाळ आणलेल्यांनी लिहा, परदेशाशी संबंध असलेल्यांनीही लिहा, आजी-आजोबांनी तर जरूर लिहा. नावं नकोत, बाळाचा फोटो तर नकोच. झोप, दूध, पाहुणे, डॉक्टर, जे सुचेल ते. उपदेश कमी आणि घडलेलं जास्त, एवढीच विनंती.

आई, रुईकर कॉलनी (मुलगी झारखंडची)

आम्ही खोली अंधारी केली, घंटा वाजू नये म्हणून दारावर चिठ्ठी लावली, सासऱ्यांना बातम्या बंद करायला लावल्या. पोरगी टक्क जागी! तिथे रात्रभर ट्यूबलाइट, पंख्याची घरघर आणि आजूबाजूला पाळणेच पाळणे. तिला शांततेचीच भीती वाटत होती. दिवा लावला, टीव्ही लावला आणि ती झोपली. सासरे खूश. मग दिवा खोलीतून पॅसेजमध्ये गेला, पॅसेजमधून स्वयंपाकघरात, असं करत करत अंधार आणला. घाई केली नाही.

दुधाचं प्रकरण जास्त अवघड होतं. तिची बाटली मी तिथून मागून आणली होती. नवीन बाटलीला ती दोनदा ओठ लावायची आणि चिडून मान फिरवायची. जुनी दिली की डोळे मिचकवायच्या आत फस्त, आणि पाच मिनिटांत अर्धं दूध अंगावर. शेवटी जुनी बाटली सिंकवर उलटी धरून बघितली. निपलचं भोक सुईनं मोठं केलेलं होतं, दूध थेंबाथेंबानं नाही तर धारेनं पडत होतं. म्हणजे तिला ओढून प्यायची सवयच नव्हती, ती नुसतं गिळत होती. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं बारीक भोकाची निपल वापरायला सांगितली. पावडर मात्र तीच ठेवली. आपल्याकडे गंगावेशीतलं धारोष्ण दूध म्हणजे अमृत मानणारी माणसं घरोघरी आहेत, पण वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचं किंवा म्हशीचं दूध पावडरच्या जागी द्यायचं नाही, यावर आमच्या डॉक्टर ठाम होत्या.

आणि हो, ती ज्या दुपट्यात आली ते मी धुतलं नाही. सासूबाई रोज हळूच बादलीकडे न्यायच्या, मी रोज परत आणायचे.

शिशुगृहात काम केलेली मावशी

कुठल्या शिशुगृहात ते विचारू नका, पण बरीच वर्षं केलंय. वरच्या ताईंनी भोकाचं लिहिलंय ते खरं आहे. रात्रपाळीला बाई एक आणि भुकेली बाळं सगळी एकदम. एकाला मांडीवर घ्यावं तर बाकीची ओरडतात. मग दुपट्याची गुंडाळी करून बाटली तिच्यावर टेकवायची. भोक मोठं असलं की लवकर उरकतं. बरोबर नाही, ठाऊक आहे, पण हात दोनच.

म्हणूनच ही बाळं दूध पिताना तुमच्याकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. जवळ घेऊन पाजलं तर सुरुवातीला अंग ताठ करतात, तोंड फिरवतात. फिरवू दे. पण बाटली घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका आणि उशीला टेकवू तर नकाच. काही बाळं झोपताना डोकं इकडून तिकडे घुसळतात, ती त्यांनी स्वतःला थोपटायची काढलेली युक्ती असते. लगेच घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. उताणं पडून पडून डोकं मागून चपटं झालेलं असतं, तर जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर पालथं घाला.

बाळ आणायला जाल तेव्हा ऑफिसात सह्या करून परतू नका. पाळण्याजवळच्या बाईला विचारा, हा कुठल्या कुशीवर झोपतो, काय म्हणून हाक मारता, कुठल्या मावशीकडे जास्त जातो, आंघोळीला रडतो का. फाइलीत यातलं काही नसतं. आणि जमलं तर त्या बाईशी दोन शब्द बरे बोला. पोर गेलं की त्या दिवशी आम्हालाही जेवण जात नाही.

आजी, शिवाजी पेठ (नातीनं टाइप केलंय, भाषा आजीचीच ठेवलीय)

धाकट्याच्या घरात पोरगी आली तवा गल्लीतल्या पोरांनी हलगी ठरवलीती. मीच म्हटलं, थांबा रं. त्या लेकरानं जन्मात एवढी माणसं बघितली न्हाईत, हलगी ऐकून ते उलट्या पावली पळंल. बारसं बी महिनाभर फुडं ढकललं. लोकं नाराज झाली. होऊ देत की.

विहीणबाईंनी भीत भीत इचारलं, बाळंतविडा आणू का नको? म्हटलं, का नको? कुंची आणा, दुपटी आणा, टोपडी आणा, काय बी सोडू नका. सुनंला आळिवाचं लाडू मी केलं. शेजारीण म्हणती, हिला कशाला लाडू, ही कुठं बाळंत झालीया? म्हटलं, रातभर पोरीला खांद्यावर घिऊन फिरतीया ती. तू फिरतीस व्हय?

एकानं पारावर बसून तोंड उघडलं, "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं." त्याला म्हटलं, कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली दत्तक आला, म्हणून तर कोल्हापूरला शाहू महाराज मिळालं. २६ जूनला मिरवणुकीत फुडं तूच असतोस न्हवं? गप बसला.

डॉक्टरीण मात्र लई कडक. वर्षाच्या आत मध न्हाई म्हणजे न्हाई, गुटी न्हाई, धुरी न्हाई. राग आला, खोटं कशाला बोलू. सहाण घासून पुसून काढून ठेवलीती मी. पर पोरीची छाती आधीच नाजूक, तिला धुराचा तरास नको, हे पटलं. मीठ-मोहऱ्या ओवाळून दिष्ट काढायला तिची काय हरकत न्हाई, ते करती रोज.

निवृत्त शिक्षिका, कसबा बावडा (नातू न्यू जर्सीत)

माझी लेक आणि जावई अमेरिकन नागरिक. त्यांनी भारतातून सव्वा वर्षाचा मुलगा दत्तक घेतला, म्हणजे तिकडच्या हिशेबानं परदेशातलं बाळ. परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारानुसार दोन्ही देशांची परवानगी, 'आय-८००' नावाचा अर्ज, दिल्लीतून व्हिसा. एवढं सोपस्कार झाल्यावर अमेरिकेत पाऊल ठेवताच मुलगा त्यांच्या २००० सालच्या कायद्यानं आपोआप नागरिक. कागदाच्या बाबतीत ते लोक नेटके आहेत.

मी मदतीला गेले. पोहोचले त्याच संध्याकाळी लेकीनं सांगितलं, "आई, पहिले काही आठवडे त्याला उचलायचं, भरवायचं, आंघोळ घालायची ती आम्ही दोघांनीच. समुपदेशकांनी सांगितलंय." मी सातासमुद्रापार आले आणि नातू मांडीवर घ्यायचा नाही म्हणे! रात्री नवऱ्याला फोन करून रडले. कारण मात्र दोन दिवसांत दिसलं. तो कुणाकडेही जायचा. कुरिअरवाल्याकडेसुद्धा हात पसरायचा. आपण याला माणसाळलेलं मूल म्हणतो. त्याला आपलं माणूस कोण हेच कळलेलं नव्हतं. नियम योग्य होता, पण तिकीट काढायच्या आधी सांगायचा होता.

माझ्याकडे स्वयंपाकघर आलं. दुधातले कुरकुरीत दाणे आणि चीज त्यानं थुंकून टाकलं होतं. मऊ भात, वरण, तूप असं कालवून लेकीच्या हातात दिलं, तर वाटी चाटून पुसून. दिवसरात्रीचा घोळ वेगळाच. तिकडची मध्यरात्र ही त्याच्या अंगातली सकाळ, त्यामुळे दोन वाजता सगळं घर खेळण्यात. सकाळी पडदे उघडून त्याला उन्हात न्यायचं आणि रात्री जागा झाला तरी मोठे दिवे लावायचे नाहीत, हे धरून ठेवल्यावर घडी बसली.

गाडीतली सीट हे तिसरं महाभारत. तिकडे मुलाला मांडीवर घेऊन गाडीत बसता येत नाही, आणि याला जन्मात कुणी पट्ट्यांनी बांधलेलं नव्हतं. जावयानं ती सीट दिवाणखान्यात आणून ठेवली. त्याची खेळणी त्यात, खाऊ त्यात. मग एक दिवस तो आपण होऊन चढून बसला.

तिथल्या डॉक्टरांनी आल्या आल्या सगळ्या तपासण्या नव्यानं केल्या: कावीळ बी, एचआयव्ही, क्षय, शौचातले जंत, रक्तातलं शिसं. काही चाचण्या काही महिन्यांनी पुन्हा. दंडावरचा बीसीजीचा व्रण नर्सला नवा होता, कारण तिकडे ती लस सरसकट देत नाहीत. त्याच्या कंबरेवर आपल्या बाळांना असतात तसे निळसर डाग होते. ते जन्मखूण म्हणून डॉक्टरांनी फाइलीत लिहून घेतले, नाहीतर पाळणाघरात कुणाला मार लागलाय असं वाटून भलतंच प्रकरण व्हायचं. परदेशात बाळ नेणाऱ्यांनी एवढी नोंद नक्की करून घ्यावी.

बाबा, फुलेवाडी (शिरोली एमआयडीसीत कामाला)

सगळे आयांबद्दल लिहितात, म्हणून मी लिहितो. आमच्या पोरानं वॉचमन सोडून पुरुषच बघितलेला नव्हता, आणि मला ही भली मोठी मिशी. मी दारात दिसलो की किंचाळायचा. मिशी काढतो म्हटलं तर आमचे वडील म्हणाले, पोराला सवय होईल, पण मिशी काढून गल्लीत काय सांगणार?

मग मी त्याच्याकडे जायचंच सोडलं. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो, पेपर वाचत. बायको कांदा चिरत लक्ष ठेवून. काही दिवसांनी मागं सरपटल्याचा आवाज आला. मी हललो नाही. शर्टाचं टोक कुणीतरी ओढतंय. तरी हललो नाही. मग पाठीला धरून उभा राहिला गडी, आणि पहिलं काम काय केलं, तर माझा कान ओढला. त्यानंतर संध्याकाळची आंघोळ माझ्याकडे आली, ती आजही माझ्याकडेच आहे. आता मिशीला लोंबकळतो.

रजेचं मात्र वाईट. केंद्र सरकारच्या नोकरीत वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतलं तर बापाला १५ दिवस मिळतात, आमच्यासारख्या खाजगीवाल्यांना काही नाही. बायकोच्या कंपनीनं तेव्हा लागू असलेल्या २०१७ च्या प्रसूती रजेच्या कायद्यावर बोट ठेवलं: १२ आठवडे, तेही बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. तीन महिन्यांच्या आत दत्तकाची कागदपत्रं होतात तरी कुणाची? तिनं बिनपगारी रजा काढली.

ताराबाई पार्क

थोडक्यात. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला सामाजिक कार्यकर्त्या येतात. त्या दिवशी घर चकाचक करून, बाळाला नवा झबला घालून "सगळं छान" म्हणू नका. झोपत नाही, खात नाही, आम्ही थकलोय, हे त्यांनाच सांगायचं असतं. आम्हाला फिजिओथेरपिस्टचा पत्ता त्यांच्याकडूनच मिळाला.

उचगाव

सगळं वाचून काढलं. आम्ही पुढच्या आठवड्यात मुलाला आणायला रायपूरला निघतोय. महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियापर्यंत, तिथून पुढे दुसरी गाडी. पिशवी भरायला घेतलीय. काय विसरायचं नाही?

धागाकर्ती

अभिनंदन! कपडे दोन मापांचे घ्या, फाइलीतलं वजन बहुतेक जुनं असतं. उकळून गार केलेलं पाणी आणि गरम पाण्याचा थर्मास वेगवेगळे, बाटल्या निदान तीन, कारण गाडीत उकळता येत नाहीत. पावडरचा डबा शिशुगृहातली असेल तीच कंपनी विचारून इथूनच न्या, गोंदियाच्या फलाटावर शोधत बसू नका. लसीकरणाचं मूळ कार्ड हातात घेतल्याशिवाय निघू नका, झेरॉक्सवर इथे दवाखान्यात अडून बसतात. खालचे बर्थ मागा. आणि जमलं तर दोन दिवस आधी पोहोचून रोज तासभर शिशुगृहातच त्याच्याजवळ बसा, मग गाडीतला पहिला चेहरा अगदीच अनोळखी राहणार नाही. मावशींनी वर सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून न्या, ऐन वेळी आठवत नाहीत.