आजोबांच्या पंच्याहत्तरीची डीव्हीडी आहे, त्यातले नको ते तुकडे कसे कापू?

सांगलीची_चिमी
मदत हवीये. 2004 मध्ये आजोबांची पंच्याहत्तरी झाली होती, तेव्हाची डीव्हीडी आईच्या कपाटात सापडली, पावणेदोन तासांची आहे. पुढच्या महिन्यात सगळे जमणारेत तेव्हा टीव्हीवर लावायचीय पण आहे तशी लावली तर अर्धे लोक घोरायला लागतील. पंगतच पंचवीस मिनिटं, प्रत्येकाच्या तोंडात घास जाताना क्लोजअप. आणि मधे अकरा मिनिटं नुसत्या चपला, कारण व्हिडिओवाल्याने कॅमेरा चालूच ठेवून खांद्याला लटकवला आणि बहुतेक जेवायला बसला 🙈
डीव्हीडीत व्हीओबी नावाच्या चारपाच फायली आहेत. त्यातली एक एका फुकटच्या एडिटरमध्ये टाकून कापली, तर सगळे बुटके जाडे दिसायला लागले, कुणी हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा येतात, वर चित्र धुरकट. काय चुकतंय?

आळशी_बोका
मोबाईलमध्ये घे आणि कुठल्यापण ॲपमध्ये ट्रिम कर, दोन मिनिटांचं काम.

टेपवाला_काका
बोकोबा, पावणेदोन तासांचं दोन मिनिटांत होत नाही आणि मोबाईलचं ॲप पुन्हा एन्कोड करणारच, म्हणजे सगळं चित्र नव्याने दाबून साठवणार, परत तोच धुरकटपणा.
चिमी, जाडेपणाचं कारण असं की तुझा व्हिडिओ 4:3 चा आहे, जुन्या डबा टीव्हीचा आकार, एडिटरने तो 16:9 मध्ये ताणला. रेघा येतात कारण चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये सम ओळी एका क्षणाच्या आणि विषम ओळी दुसऱ्या क्षणाच्या. जुन्या टीव्हीवर कळायचं नाही, कॉम्प्युटरवर लगेच दिसतं.
तुला फक्त कापायचंय ना, मग एन्कोड करूच नकोस. मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर घे, डीव्हीडीसाठी फुकट आहे, ते सगळे व्हीओबी जोडून एकच एमकेव्ही फाइल देतं, चित्राला हात न लावता. ती फाइल लॉसलेसकट या कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. उघडताना फॉरमॅट चालत नाही वगैरे म्हणेल, कन्व्हर्ट करू का विचारेल, तर घाबरू नकोस, ते फक्त तुला स्क्रीनवर दाखवण्यापुरतं असतं, कापताना मूळ फाइलच कापली जाते. जो भाग नको त्याच्या सुरुवातीला कीबोर्डवरचं आय दाब, शेवटी ओ दाब, असे सगळे तुकडे निवड. मग खाली यिन-यांगचं गोल चिन्ह आहे ते दाबलं की उलटं होतं, निवडलेलं फेकायचं आणि बाकीचं ठेवायचं. एक्सपोर्ट करताना मर्ज निवडायला विसरू नकोस नाहीतर दहा वेगळ्या फायली हातात येतील (मला आल्यात).

सांगलीची_चिमी
काका केलं!! मेकएमकेव्हीचं झकास झालं. पण पंगत कापली तिथे काकूंचा घास अर्धा सेकंद तसाच दिसतो, मी तर बरोबर घासानंतर खूण केली होती.

टेपवाला_काका
ते होणारच. डीव्हीडीच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. सेकंदाला 25 फ्रेम, त्यात साधारण 12 ते 15 फ्रेममागे एक पूर्ण चित्र, तिला कीफ्रेम म्हणतात, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे एन्कोड न करता कापलं की पुढचा तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू होऊ शकतो, एसटी जशी थांब्यावरच थांबते तसं. तू मधेच हात केलास म्हणून ती मागच्या थांब्यावर गेली. पुढच्या कीफ्रेमवर जायचं बटण आहे तिथे, त्याने उडी मारून खूण कर, अर्धा सेकंद जास्त कापलं जाईल पण घास जाईल.

कोथरूडची_मीनू
काकांचं बरोबर आहे पण एक राहिलं, आवाज. मी आमच्या मुंजीचं असंच कापलं तर सनई चालू असताना मधेच धाडकन भटजी. जिथे वाजंत्री चालू आहे तिथे कापू नकोस, शांत जागा बघ. आणि अगदीच सफाई हवी असेल तर शॉटकट नावाच्या एडिटरमध्ये कर, कीबोर्डवरच्या एसने तुकडा पाड, एक्सने काढलं की पुढचं आपोआप सरकून चिकटतं (झेड दाबलंस तर मधे खड्डा राहतो). दोन क्लिप एकमेकांवर थोड्या सरकवल्या की चित्र आणि आवाज हळूच बदलतात. फक्त आधी व्हिडिओ मोड पालचा (PAL, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) 4:3 वाला ठेव, नाहीतर परत सगळे जाडे. यात एन्कोड होणारच, ते टळत नाही.
आणि मूळ डीव्हीडी कॉपी करून हार्डडिस्कवर ठेव आत्ताच, घरी बर्न केलेल्या चकत्या वीस वर्षांनी कधी दगा देतील सांगता येत नाही. चपला फेकण्याआधी एकदा हेडफोन लावून ऐक गं. चित्र भिकार असलं तरी माइक चालूच असतो.

सांगलीची_चिमी
मीनूताई तुला साष्टांग. चपलांच्या मागे आजोबांचा आवाज आहे, आचाऱ्याशी भांडतायत की जिलबी चाळीस किलो सांगितली होती, आणलीस पस्तीसच, आणि आचारी म्हणतोय अहो आबा, पाच किलो तुमच्याच पोरांनी मागच्या दाराने पळवली. मग आजोबा जे हसलेत ना. आई तीनदा ऐकून गेली, दर वेळी पदर डोळ्याला. ते अकरा मिनिटं राहू दिलेत, वर फक्त त्या दिवसाचे फोटो टाकणार आहे शॉटकटमध्ये. पंगत मात्र गेली.
शेवटचं विचारते, व्हिडिओवाल्याने सुरुवातीला आजी-आजोबांना गुलाबी बदामात बसवून गोल फिरवलंय, तो बदाम काढता येईल का?

टेपवाला_काका
नाही. तो चित्रातच भाजलाय. फिरू दे त्यांना.