पेटंट ‘प्रादेशिक’ की ‘हद्दीपुरतं’?

तापीकाठ (जळगाव): अभियांत्रिकीच्या मुलांसाठी अवकाश उद्योगातल्या बौद्धिक संपदेवर टिपण करतेय. पेटंट ज्या देशाने दिलं त्याच देशात चालतं, म्हणून मी लिहिलं, ‘पेटंट हा प्रादेशिक हक्क आहे.’ एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे फक्त महाराष्ट्रात का?’ त्याचं काय चुकलं? प्रादेशिक म्हटलं की बातम्या आणि पक्षच आठवतात. दुसरा शब्द सुचवा.

शब्दनिष्ठ: ‘क्षेत्रनिष्ठ’. आणि पेटंट कशाला? कायद्याच्या मराठीत ‘एकस्व’ आहे.

बांधावरचा (चोपडा): क्षेत्र म्हटलं की हेक्टर-आर डोळ्यासमोर येतं भो. सरळ ‘हद्दीपुरतं’ लिहा.

शब्दनिष्ठ: हद्द अरबी. आपली ‘शीव’ आहे, ‘सीमा’वरून आलेली.

बांधावरचा: शीव गावाची, हद्द शेताची नि पोलीस ठाण्याची. आमचे आजोबा एकाच्या जागी दुसरा शब्द कधी वापरत नसत.

तापीकाठ: खरी गाठ पुढेच आहे. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशावर कोणत्याच देशाला मालकी सांगता येत नाही. मग हद्द कुठली धरायची? तर यानाची नोंद ज्या देशाकडे, त्याचा अधिकार त्या यानावर कायम. अवकाश स्थानकाच्या 1998 च्या करारातलं 21 वं कलम तेच सांगतं: जपानच्या ‘किबो’ विभागात शोध लागला, तर बौद्धिक संपदेच्या कायद्यापुरता तो जपानात लागला असं मानायचं, मग तिथे काम करणारा कुठलाही असो. अमेरिकेने तर 1990 मध्येच आपल्या पेटंट कायद्यात तशी तरतूद केली. इथे ‘हद्दीपुरतं’ कसं बसवू?

बांधावरचा: म्हणजे जमीन नाही, पण उतारा आहे!

जुनी वही (धुळे): ‘एकस्व’वर माझा आक्षेप आहे. पेटंट मुळात लॅटिन, अर्थ ‘उघडं’. शोध सगळ्यांसमोर उघडा करायचा, बदल्यात 20 वर्षांची मक्तेदारी घ्यायची. एकस्वात ती उघडी बाजू पुसली जाते. आणि अवकाशात कळीचा मुद्दा तोच आहे. स्पेसएक्सच्या मस्कने 2012 मध्ये सांगितलं होतं की ते पेटंट जवळपास घेतच नाहीत. छापलं की चिनी स्पर्धकांच्या हाती कृतीच पडेल. ते गुपित राखतात.

शब्दनिष्ठ: मक्तेदारीतला ‘मक्ता’ही अरबीच. आणि व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, वापराने ठरतो.

जुनी वही: मग हद्दीलाच तेवढी व्युत्पत्ती का लावता?

बांधावरचा: आमच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही जिल्ह्याच्या नावावर. ते ‘प्रादेशिक’ म्हणा खुशाल.

शब्दनिष्ठ: ‘मानांकन’ नव्हे, ‘निर्देशन’. मानांकन दर्जाचं असतं, हे उगमाचं आहे.

जुनी वही: बाजार समितीत ‘निर्देशन’ म्हणून बघा, कोणी ओळख देणार नाही. वांगं मानांकनाचंच म्हणतात.

तापीकाठ: टिपण शुक्रवारी छपाईला जातंय. ‘प्रादेशिक’चं सांगा ना कोणी.

शब्दनिष्ठ: आधी निर्देशनाचं ठरू द्या.